तुस्कानो सरांचे पंचावन्न

तुस्कानो सरांकडून मला एकदाच साठाच्या वर गुण मिळाले, आणि ते त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन परत नेले.

आमचं घर वसईजवळच्या जूचंद्रला. वडील मिठागरात कामाला, पावसाळ्यात भात. माझ्याआधी घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजचा मास्तर सायकलवरून थेट दारात आला म्हटल्यावर वडिलांनी खाटेवरची गोधडी काढून नवी अंथरली. सर त्यांच्या गावाहून, पापडीहून, उन्हातून आले होते. अंगात काळा कोट, चेनीत अडकू नये म्हणून पँटच्या पायाला सुतळी बांधलेली. खाटेवर न बसताच ते म्हणाले, "म्हात्रे, तुझ्या इतिहासाच्या पेपरात माझी बेरीज चुकली. एकसष्ट नाहीत, एक्कावन्न आहेत. उद्या वर्गात सांगावं लागेल, म्हणून आधी तुला घरी येऊन सांगतोय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "म्हंजे दिलेलं परत न्यायला आलात काय, मास्तर?"

"चुकून जास्त गेले होते."

"आमचा मुकादम पन असाच हाय. पन तो घरी येत नाय सांगायला." वडील हसले आणि आईला म्हणाले, "मास्तरांना पानी दे. आनि मीठ बांध थोडं. गुन नेतात ते नेऊ दे, पन मीठ पन घेऊन जाऊ दे."

सर ते मीठ कॅरिअरला लावून घेऊन गेले. पुढे कितीतरी दिवस वडील मला विचारत, "काय रे, मास्तरांचं मीठ संपलं का? अजून गुन न्यायला आले नाय ते."

ही सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. आमचं कॉलेज म्हणजे एका शाळेच्या मागच्या चार खोल्या, त्याही सकाळी सात ते अकरा. अकरानंतर शाळेची पोरं बाकांवर चढायची. बी.ए.ची पहिली दोन वर्षं तेवढी तिथे होत. तिसऱ्या वर्षाला मुंबईच्या कॉलेजात नाव घालावं लागे. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजच घ्यायचं आणि पेपरही तिथेच तपासले जायचे. शिकवायला माणसं इतकी कमी की सर राज्यशास्त्रही शिकवत आणि इतिहासही. म्हणजे ज्याने हे दोन विषय घेतले त्याची अर्धी गुणपत्रिका सरांच्याच हातची.

आणि सरांचा हात पंचावन्नाच्या वर जायचा नाही. फार झालं तर छप्पन्न, सत्तावन्न. मुलांनी त्यांचं नावच 'पंचावन्न' ठेवलं होतं. पेपरावर 'उत्तम', 'छान' असं त्यांनी कधी लिहिलं नाही. फारच मनासारखं उत्तर असलं तर समासात 'ठीक' लिहीत, आणि तो 'ठीक' मिळाला की पेपर परत गोळा होईपर्यंत आम्ही तो घडी घालून खिशात ठेवत असू.

हे सगळं आलं होतं त्यांच्या घरच्या पानवेलीच्या बागेतून. सरांचे वडील पापडीत विड्याच्या पानांची बाग करत. पानं खुडली की ती ओसरीवर निवडायची, चवडी लावायच्या, करंडीत भरायच्या आणि मुंबईच्या दलालाकडे पाठवायच्या. निवडताना म्हातारा इतका कडक की अर्धी पानं गुरांपुढे जायची. डाग दिसला की बाहेर, कडा किंचित वळली की बाहेर. आणि प्रत्येक चवडीचं सगळ्यात वरचं पान, ते चांगलं असो की वाईट, काढूनच टाकायचं. त्याला वारा लागलेला असतो, म्हणून. असं केल्यामुळे मुंबईत तुस्कानोंची करंडी उघडून कुणी बघत नसे. नाव बघायचे आणि उचलायचे.

सर हे वर्गात सांगत. "आपण घरी निवडलं नाही तर मुंबईवाला निवडतो. आणि तो एक करंडी टाकत नाही, सगळं गाव टाकतो. खाडीपलीकडे आपला एक गुण खोटा निघता कामा नये." हे शेवटचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते खडू हातात घेऊन फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच पुरं करायचं. सरांना ते ऐकू जायचं. ते म्हणत, "पाठ झालं ना, मग पेपरात लिही. त्याचेही अर्धेच देईन."

वर्गात बोलत ते पुस्तकी मराठी. घरी बायकोशी, शेजाऱ्यांशी आपल्या बोलीत. दोन्हींची कधी मिसळ व्हायची नाही. पण चिडले की मधेच बोलीतला एखादा शब्द निसटायचा, आणि पापडी-उमेळ्याची मुलं खाली मान घालून हसायची. आम्ही जूचंद्रची पोरं त्यांना मग विचारायचो, "काय म्हणाले रे?" ती सांगत नसत.

सरांना आणखी एक सवय होती. सोमवारी दोन तास झाले की ते वसईच्या कोर्टात जायचे. स्वतःचं काम नसायचं. गावातल्या कुणाची ना कुणाची तारीख असायची. त्याच्याबरोबर जाऊन बसायचं, काय चाललंय ते त्याला समजावून सांगायचं, कागदावर अंगठा उठवायच्या आधी तो कागद वाचून दाखवायचा. घराभोवतीच्या बागायती वाड्या तेव्हा नुकत्या विकल्या जाऊ लागल्या होत्या. विहिरी सामायिक, वाटा सामायिक, आणि एका भावाने सही केली की बाकीच्यांचं पाणी तुटायचं. वकील यायचे मुंबईहून. आले तर आले. त्या गावांतून मास्तर झाले होते, फादर झाले होते, नर्सा झाल्या होत्या. कोर्टात उभा राहून बोलेल असा आपला माणूस त्या आळ्यांतून अजून निघाला नव्हता.

असाच एक सोमवार मला आठवतो, कारण त्या दिवशी मीही गेलो होतो. उमेळ्याच्या पास्कूकाकांची तारीख होती. चुलतभावाने विहिरीकडे जायच्या वाटेवर कुंपण घातलं होतं. पास्कूकाकांची मुलगी ल्युसी आमच्याच वर्गात होती, तीही आलेली. वकील आले नाहीत. पुकारा झाला तसे पास्कूकाका गोंधळून उभे राहिले आणि मागे सरांकडे बघू लागले. सर उठले. कोटाचं बटण लावून म्हणाले, "साहेब, मी थोडक्यात सांगतो. ही वाट दोन्ही घरांच्या..."

जज्जसाहेबांनी मान वर केली. "आपण वकील आहात?"

"नाही साहेब. मास्तर आहे."

"मग बसा."

आवाजात राग नव्हता. सर बसले. पास्कूकाकांना पुढची तारीख मिळाली.

आम्ही बाहेर चिंचेखाली आलो. मग सरच म्हणाले, "ल्युसी, त्यांचं बरोबर आहे. मास्तराने बसायलाच हवं. तू तिथे उभी राहिलीस की तुला तसं म्हणता येणार नाही."

पास्कूकाका म्हणाले, "आधी तुमच्या हातून तिला पास तर होऊ द्या, मास्तर. वकील मग होईल."

सर हसले. त्या दिवसातलं ते एकच हसू.

ल्युसीची जीभ धारदार होती. वर्गात सरांशी वाद घालणारी ती एकटीच. पहिल्या वर्षाचे पेपर बघायला मिळाले तेव्हा तिला राज्यशास्त्रात छप्पन्न होते, वर्गात सगळ्यात जास्त. ती उभी राहिली. "सर, चव्वेचाळीस कुठे गेले?"

"खाडीत."

वर्ग हसला. ती बसली नाही. "चूक कुठे आहे ते दाखवा."

"चूक असती तर सेहेचाळीस दिले असते," सर म्हणाले.

ती बसली. पण मला दिसलं की सर खूश होते. त्या मुलीसाठी ते मुंबईहून कायद्याची जुनी पुस्तकं आणत, ब्राऊन पेपरची कव्हरं घालून तिला देत. तास संपला की तिला व्हरांड्यात उभं करून एखादा खटला मांडायला लावत आणि स्वतः जज्ज होऊन मधेच अडवत. "थांबा. हे कशावरून?" ती थांबायची, विचार करायची आणि पुन्हा सुरू व्हायची. शाळेची पोरं बाक सोडून बघायला यायची.

त्यांचं गणित सरळ होतं. सरांच्या काळात शेवटच्या वर्षाचेच गुण धरत. आधीची वर्षं पास झाली की झालं, त्यांचे आकडे पुढे कुणी विचारायचं नाही. म्हणून ते म्हणत, "इथे मी छाटतो. तिसऱ्या वर्षाला मुंबईत तुला फुटू दे काय फुटायचं ते. बघणारे तेच बघतात." ल्युसीने त्यावर विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. सरांचा स्वतःचाही होता. मधल्या काळात शिक्षणाचा सगळा साचाच बदलला होता, पण बदललेल्या साच्यात मोजणारे कसे मोजतात हे विचारायला आमच्या चार खोल्यांमधून मुंबईला कोण जाणार.

तिसऱ्या वर्षाला ल्युसी मुंबईच्या कॉलेजात गेली. मीही दुसऱ्या एका कॉलेजात. तिने तिथे पहिला वर्ग मिळवला. सरांनी पापडीच्या चर्चमध्ये त्या रविवारी मेणबत्ती लावली, असं त्यांच्या बायकोने, तेरेजबायने, मला सांगितलं. सर स्वतः म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "ठीक."

ल्युसीला आता प्रवेश घ्यायचा होता तो मुंबईतल्या एका कायद्याच्या कॉलेजात. दुसरी होती, पण ती संध्याकाळची, आणि संध्याकाळचे तास संपवून उमेळ्याला पोचायचं म्हणजे पास्कूकाकांनी ऐकूनच घेतलं नसतं. हे सकाळचं होतं. त्यालाही त्यांनी हो म्हटलं ते एका अटीवर. "एकदा विचारून बघ. झालं तर जा. नाही झालं तर मग माझं ऐकायचं."

तिथल्या खिडकीवर ल्युसीला कळलं की तिन्ही वर्षांच्या गुणांची बेरीज धरतात.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. थोडक्या गुणांनी हुकलं होतं. मुंबईच्या कॉलेजांतल्या ज्या मुलांना तिने तिसऱ्या वर्षात मागे टाकलं होतं, ती आत होती; त्यांना पहिल्या दोन वर्षांत साठ, बासष्ट, पासष्ट सहज मिळाले होते. अजून दुसरी यादी लागायची होती.

सर मला म्हणाले, "तुला तिकडचे रस्ते माहीत आहेत. चल माझ्याबरोबर." आम्ही गेलो. खिडकीमागे जे गृहस्थ होते ते वयाने सरांएवढेच, चष्मा कपाळावर. सरांनी कोटाचं बटण लावलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. आमच्याकडचे पंचावन्न म्हणजे इतर ठिकाणचे किती, आम्ही गुण कसे देतो, का देतो. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, गुण कुणी दिले ते आम्ही बघत नाही. किती दिले ते बघतो."

"पण तोलून बघायला नको?"

"कोणत्या तराजूत?" त्यांनी बोट केलं. मागे कपाटं होती, छतापर्यंत गठ्ठे. "तुमच्याकडे तपासून काही राहिलं असेल तर दुरुस्त करून आणा. नियमात बसतं ते. दुसऱ्या यादीच्या आत आणा."

परत आल्यावर प्रिन्सिपलांना त्यांनी सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "द्या ना वाढवून. मी सही करतो. एवढ्या हुशार मुलीला कोण नाही म्हणेल?"

"तसे नाही वाढवणार," सर म्हणाले. "वाचतो. सापडले तर देईन."

जुने पेपर माळ्यावर होते. फेकायला माणूस नव्हता म्हणून राहिलेले, दुसरं काही कारण नाही. मी चढून ल्युसीचे काढून दिले. पावसाळी सकाळ, वर्ग सुटलेले. सर पहिल्या बाकावर बसले, विद्यार्थ्याच्या जागी, आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. मी चहा आणून ठेवला. तो तसाच थंड झाला.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. "म्हात्रे, हे वाच. इथे मी दहातले सहा दिले आहेत. काय चुकलंय यात?"

मी वाचलं. न्यायालयाच्या अधिकारांवरचं उत्तर होतं. मला काही चुकलेलं दिसेना.

"नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. "सर, हे बरोबर आहे."

"मग चार का कापले?"

त्यांनी पान उलटलं. तिथेही तेच, आणि पुढच्या पानावरही. समासात काहीच नाही, नुसता आकडा. एका ठिकाणी तर 'ठीक' लिहिलेलं, आणि खाली दहातले साडेपाच. सर त्या साडेपाचावर बोट ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "मी वाचून कापलेले नाहीत, म्हात्रे. वरचं पान काढून टाकावं तसे काढलेत. चांगलं आहे की वाईट ते न बघता."

शाळेची घंटा झाली. पोरं धावत आली आणि सरांना त्यांच्या बाकावर बसलेलं बघून दारातच थबकली. सरांनी गठ्ठा उचलला.

त्यांनी दोन्ही वर्षांचे मिळून ते चारही पेपर पुन्हा तपासले. प्रत्येक वाढवलेल्या गुणापुढे कारण लिहिलं, सही केली. मिळून जे वाढले ते हवे होते त्याहून बरेच जास्त निघाले. मग ते प्रिन्सिपलांकडे जाऊन म्हणाले की आता सगळ्यांचेच पेपर काढले पाहिजेत; आतापर्यंत शिकून गेलेल्या सगळ्या मुलांचे.

प्रिन्सिपल खुर्चीतून अर्धे उठले. "सर, एका मुलीचे वाढले तर लोक चूक म्हणतील. सगळ्यांचे वाढले तर कॉलेज बंद करतील. हा एक कागद घ्या आणि जा."

तो कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ल्युसीही होती. तिने पांढरा फ्रॉक घातला होता, चर्चला घालायची तो. त्याच गृहस्थांनी कागद घेतला, चष्मा खाली आणला, जुनी गुणपत्रिका शेजारी ठेवली. बराच वेळ दोन्हींवर बोट फिरवत राहिले.

"प्रवेशाची यादी लागल्यावर इतके गुण वाढले?"

"चूक होती. मी दुरुस्त केली," सर म्हणाले. "प्रत्येकाचं कारण दिलं आहे."

"तपासणारे तेच, वाढवणारेही तेच?"

"दोन्ही विषय मीच शिकवतो."

"आणि वाढले ते नेमके हिचेच."

"सगळ्यांचे वाढायला हवेत. मी तसं सांगितलं आहे. हवे होते त्यापेक्षा जास्तच आहेत, बघा तुम्ही."

"तेच बघतोय." त्यांनी कागद परत सरकवला. उर्मट माणूस नव्हता तो. जरा खालच्या आवाजात, सरांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून की काय, म्हणाला, "बेरजेतले दोन-चार वाढून येतात, ते आम्ही घेतो. हे कसं घेऊ? लहान कॉलेजं हे करतात, सर. आम्हाला नवीन नाही. तुम्ही सज्जन दिसता, म्हणून वर कळवत नाही. घेऊन जा."

सर उभेच राहिले. मला वाटलं ते आता काही बोलतील. आयुष्यभर वर्गात सांगितलेलं सगळं त्यांच्या ओठांवर असणार. त्यांनी बटण लावलेल्या कोटावर एकदा हात फिरवला आणि कागदाची घडी घातली. ल्युसी म्हणाली, "चला सर." तिनेच त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं.

परतताना गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा सर खाली पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "कापलेले खोटे होते. ते चालले. दिलेले खरे होते, ते नाही." कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. ल्युसी दुसरीकडे बघत होती.

पास्कूकाकांनी सरांना एका शब्दाने दुखावलं नाही. दरवर्षी ते सरांकडे केळ्यांचा एक घड पाठवत, तसा त्याही वर्षी पाठवला. तेरेजबाय मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. तो घड बघून हे भरल्या ताटावरून उठले." ठरल्याप्रमाणे ल्युसीने वडिलांचं ऐकलं. टायपिंग शिकली. लग्न ठरत होतं, ते मोडलं, पुन्हा ठरवायचं राहून गेलं. ती कोर्टाबाहेर चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बसू लागली. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं. वकील तिला 'ए ल्युसी' म्हणून हाक मारत, आणि अर्जात कुठलं कलम घालायचं ते पुष्कळदा तीच सांगे.

सर शिकवत राहिले. पण पेपर वाचायचे त्यांनी सोडून दिले, असं मला पुढच्या मुलांकडून कळलं. सगळ्यांना बासष्ट. ज्याने पुरवण्या भरभरून लिहिल्या त्याला बासष्ट, आणि ज्याने फक्त प्रश्न उतरवून काढले त्यालाही बासष्ट. मुलं खूश. त्यांनी नवीन नाव ठेवलं, 'बासष्ट'. आमच्या वेळी 'पंचावन्न' म्हणताना तोंडात राग असायचा, आणि थोडा मानही. या नव्या नावात काहीच नव्हतं. फळ्याकडे वळल्यावर मागून वाक्य पुरं करणारंही आता कुणी नव्हतं, कारण सर ते वाक्य म्हणत नसत. एकदा वाटेत भेटले तेव्हा मी विचारलं, "सर, पेपर बघत नाही म्हणे हल्ली?"

"बघून काय केलं होतं?" ते म्हणाले आणि सायकलवर बसले.

कॉलेज पुढे दुसरीकडे गेलं, मोठं झालं, तिथे तिसरं वर्षही निघालं. सरांना नव्या इमारतीत घेतलं नाही, की ते स्वतःच गेले नाहीत, हे मला नक्की माहीत नाही. विचारलं की ते विषय बदलत. बागेत पानवेल उरली नव्हती. विहिरींचं पाणी तेव्हा टँकरनी बाहेर जाऊ लागलं होतं आणि मागे जे राहत होतं ते मचूळ. मग सरांच्या पुतण्याने आपला हिस्सा एका बिल्डरला दिला, आणि देताना विहिरीची वाटही त्यात घातली.

म्हणजे पास्कूकाकांच्या वाट्याला आलं होतं तेच सरांच्या वाट्याला आलं.

मी तेव्हा सरकारी नोकरीत लागलो होतो. बी.ए. झालेला जूचंद्रच्या आमच्या आळीतला मी पहिला. ऑफिसात साहेब लोक ड्राफ्ट मला लिहायला सांगतात, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. वाक्य कसं उभं करायचं ते मी एक्कावन्न गुण देणाऱ्या माणसाकडून शिकलो. ऑफिसच्याच एका कामासाठी मी वसईच्या कोर्टात गेलो होतो. चिंचेखाली ल्युसी टाइप करत होती आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर सर बसले होते. तोच कोट. खांद्यातून आता सैल झालेला.

"म्हात्रे," सर म्हणाले. "ये. सरकारात आहेस ना?"

"हो सर."

"ठीक."

ल्युसीने शेवटची ओळ टाइप केली, कागद ओढून काढला आणि सरांपुढे धरला. विहिरीच्या वाटेबद्दल सरांचा स्वतःचा अर्ज होता, त्यांनी हाताने लिहून आणलेल्यावरून टाइप केलेला. सरांनी तो हातात घेतला नाही.

"तू वाच," ते तिला म्हणाले. "नीट बघ. काही चुकलं असेल."

"बघितलं सर टाइप करताना. बरोबर आहे सगळं."

"पुन्हा बघ. जास्तीचं काही असेल तर काप."

ल्युसीने कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "मी कापत नाही सर."

ती हे साधेपणाने म्हणाली. टोमणा होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. सरांनी मान हलवली, कागदाची घडी घातली, आणि तेवढ्यात आतून शिपायाने त्यांच्या नावाचा पुकारा केला.

"वकील आलेत का तुमचे?" मी विचारलं.

"येतात कधी कधी," ते म्हणाले.

ते आत गेले. दाराबाहेर गर्दी होती, तिच्यातून मला दिसत होतं. सर पुढे जाऊन उभे राहिले, कोटाचं बटण लावायला हात गेला, पण तिथे बटण नव्हतं. जज्जसाहेब नवीन होते, तरुण. कागद चाळत त्यांनी मान वर केली आणि सरांकडे बघितलं.

साहेबांनी काही विचारायच्या आत सर खाली बसले.